पूर्वजांना पाजलेलं पेट्रोल

दोष अग्बोसूकाकांचा. हे आधीच सांगून मोकळा होतो, म्हणजे पुढे कुणी नशिबाचं नाव घ्यायला नको, सरकारचं नको आणि शेजारच्या देशाचं तर नकोच. म्हातारा अजून ठणठणीत आहे. रोज सकाळी उंबऱ्यात बसून दात कोरतो आणि आल्यागेल्याला सांगतो, "भाव उतरेल. थांबा जरा."

मी काचेचा बुधला बोलतोय. पोट गोल, मान आखूड, अंगावर हिरवट झाक. खाडीकाठच्या या पोर्तो-नोव्हो शहराच्या रस्त्यांवर माझ्यासारखे हजारो सापडतील. पण दोन घरांच्या मनातलं ऐकलेला आणि तोंड असून गप्प राहिलेला माझ्यासारखा दुसरा नसेल.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या भट्टीतला. जहाजातून आलो तेव्हा पोटात लाल वाइन होती. ती संपली आणि एका बाईने माझ्यात ताडाची दारू भरली. ते माझं तारुण्य. बारसं असो, लग्न असो, मयत असो, मी मधोमध. आणि दर वेळी एक गोष्ट पाहायचो. पहिला घोट कुणी स्वतः घेत नसे. पेला वाकडा करायचा, दोन थेंब मातीत, पूर्वजांसाठी, मग आपण. माती ते थेंब क्षणात पिऊन टाकायची. मी बघत राहायचो. गेलेल्यांना आधी देणारी माणसं जिवंतांनाही जपत असणार, असं मला वाटायचं. काच आरपार दिसते म्हणून तिला सगळं कळतं असं नाही.

मग एके दिवशी माझ्यात पेट्रोल ओतलं. मी हबकलोच! दारूहून हलकं, पाण्याहून चपळ, जिवंत असल्यासारखं थरथरणारं. ऊन माझ्या पोटातून गेलं आणि खालच्या मातीवर सोनेरी चट्टा पडला. माणसाचा पत्ता नव्हता तेव्हाच्या समुद्रातले बारीक जीव, जमिनीखाली युगानुयुगं मुरलेले, त्यांचा हा रस. तो टाकीत ओतला की एखादा फाटका माणूस खाडीच्या पुलावरून वाऱ्यासारखा निघून जातो. इतकी जुनी गोष्ट, आणि माणसं ती चवळीची भजी आणायला जाताना जाळतात. माझं आश्चर्य अजून ओसरलेलं नाही.

या पेट्रोलला इथे 'क्पायो' म्हणतात. म्हणजे अस्सल नव्हे ते. शेजारच्या देशातून होड्यांतून, मोटरसायकलींवरून चोरून येणारं. पंपावरचं अस्सल, रस्त्यावरचं क्पायो. पण पंपावर जातो कोण? सगळं शहर क्पायोवर चालायचं. इतकं स्वस्त, की ओतताना सांडलं तर कुणी खाली बघायचंही नाही.

मला सेवानूने विकत घेतलं. तरणाबांड पोरगा, शाळा अर्ध्यात सुटलेली. सुटलेली कसली, काकांनी सोडवलेली. बाप गेल्यावर पुतण्याच्या फीपेक्षा काकांना घरावरचे नवे पत्रे जास्त गरजेचे वाटले. पोराच्या हाती पुस्तकाऐवजी मोटरसायकल आली आणि तो भाड्याने माणसं पोचवू लागला. मागे दोन गिऱ्हाइकं, त्यांच्या मांडीवर कोंबड्या, आणि पुढे हा शिट्टी वाजवत.

कोपऱ्यावर फिफामे भजी तळायची. सेवानू तिच्याकडे इतक्यांदा भजी खायला थांबे, की शेवटी तीच म्हणाली, "पोट फुटेल तुझं. त्यापेक्षा घरी येऊन मागणी घाल."

मागणी घालायला काका गेले. मीही गेलो, घासूनपुसून, दारू भरून. फिफामेचे वडील तोसा, जुनी टॅक्सी चालवणारे. रीत अशी की लग्न लागेपर्यंत जावयाने सासऱ्याच्या शेतात राबायचं, कुदळ मारायची, छप्पर शाकारून द्यायचं.

"माझं शेत कुठंय?" तोसा हसले. "माझं शेत म्हणजे ती दारातली टॅक्सी. जावयाने तिची तहान भागवावी. दर बाजाराच्या दिवशी हा बुधला पेट्रोलने भरून. लग्न लागेपर्यंत."

"बुधला?" काकांनी मांडीवर थाप मारली. "अहो, काहीतरी जड मागा! हे तर पोरगं झोपेत आणेल."

"मग ठरलं?"

"ठरलं म्हणजे ठरलं. आमच्या घरचा शब्द आहे, क्पायो नाही!"

सगळे हसले. दोन थेंब मातीत पडले, पूर्वज साक्षीला बसले. मक्याची कापणी झाली की लग्न. सेवानूला कुणी काही विचारलं नाही. राबायचं त्याने, शब्द द्यायचा काकांनी.

सुरुवातीला सगळं सोपं होतं. बाजाराच्या दिवशी मी भरून तोसांच्या अंगणात जायचो, रिकामा होऊन परत यायचो. जाताना फिफामे माझ्या मानेत भज्यांची पुडी अडकवून द्यायची.

मग शेजारच्या देशात कुणीतरी माइकसमोर उभं राहून सांगितलं, की पेट्रोल स्वस्त ठेवण्याचा भार सरकार यापुढे उचलणार नाही. बस, एवढंच. एक वाक्य. आणि दुसऱ्या सकाळी आमचा रस्ता मुका झाला. क्पायोचा भाव दुप्पट, काही ठिकाणी तिप्पट. मोटरसायकली झाडांखाली ओळीने उभ्या. विक्रेत्या बायका बुधल्यांवर फडकी टाकून बसलेल्या, दागिने झाकावेत तशा. इतकी शांतता की खाडीवरचे पक्षी बाजारात ऐकू आले. मी अंग चोरून उभा होतो. ज्याने हे वाक्य म्हटलं त्याने हे शहर कधी पाहिलंही नसेल, आणि त्याच्या एका श्वासाने इथल्या भज्यांचा आकार लहान झाला!

झाडाखाली चालकांची एकच चर्चा. "पुन्हा स्वस्त होईल का हो, काका?"

"होणारच," अग्बोसूकाका म्हणायचे. "मी आयुष्य पाहिलंय. भाव म्हणजे भरती. येते तशी जाते."

"भरती जाते काका, पण तोवर होडी आमची बुडते. तुम्ही काठावर बसून दात कोरताय."

"तुमच्या पिढीला धीर म्हणून नाही."

"तुमच्या पिढीने सगळा वापरून टाकला ना!"

पण सेवानू अडकला तो वेगळ्याच फासात. लग्न लागेपर्यंत बुधला भरायचा, आणि बुधला भरताना लग्नाचे पैसे संपायचे. कापडं, पेयं, मांडव, सगळं माझ्या पोटात जाऊन तोसांच्या टॅक्सीतून धूर होऊन निघत होतं. कापणी झाली. काका म्हणाले, "भाव उतरला की लग्न करू." पुढची पेरणीही झाली.

आता माझं दुःख सांगतो. एका घरात काका म्हणायचे, "जाऊन सूट मागू? म्हणजे अग्बोसूचा शब्द क्पायो निघाला असं गावभर होऊ दे? मेलो तरी नाही."

दुसऱ्या घरात फिफामेने एकदा तोंड उघडलंच. "बाबा, पोराची नुसती हाडं राहिलीत. सोडा ना तो बुधला."

"मला दिसत नाही का?" तोसा हळूच म्हणाले. "पण आपण होऊन सोडलं तर अग्बोसू म्हणेल, यांनी आम्हाला भिकारी ठरवलं. त्यांनी येऊन एक शब्द टाकावा. त्याच दिवशी सोडतो."

"मग मी सांगते त्यांना."

"तू? मुलीच्या तोंडून असलं जातं का कुठे? आणि त्या पोरालाही सांगायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

"म्हणजे दोघं म्हातारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसणार, आणि मी पेट्रोलच्या भावाकडे बघत बसू?"

मी दोघांच्या मधे ये-जा करणारा एकमेव साक्षीदार. तोंड एवढं मोठं, पण त्यातून शब्द निघत नाही.

सेवानू मग सरहद्दीवरून माल आणू लागला. तिथे थोडं स्वस्त पडतं. पहाटे खाडीच्या धुक्यातून तो परत यायचा तेव्हा माणूस दिसायचाच नाही. कॅनवर कॅन, दोरांनी आवळलेले, चाकाच्या दोन्ही बाजूंना, पाठीमागे, पुढे टाकीवर. पेट्रोलचा एक डोंगर खड्डे चुकवत चालत येतोय असं वाटे, आणि डोंगराच्या आत कुठेतरी दोन लाल डोळे. एका ठिणगीवर बसून माणूस रोज घरी परततो, आणि उतरल्यावर पहिलं विचारतो काय, तर "फिफामे आली होती का?" माणसांबद्दल मला राग पुष्कळ आहे. पण त्याला तसं येताना पाहिलं की मी नुसता पाहत राहायचो.

आणि नेमकं याच दिवसांत काकांना पूर्वज आठवले.

"थांब," एका सकाळी सेवानू माझ्यात ओतू लागला तेव्हा काका म्हणाले. "पहिला घोट त्यांचा."

"काका, ही दारू नाही."

"दारूहून महाग आहे. घरात आज याहून मोलाचं काय आहे? स्वस्त होतं तेव्हा आपण त्यांना विचारलं नाही, म्हणून ही वेळ आली. त्यांना द्या, तेच भाव खाली आणतील."

"पूर्वज काय मोटरसायकलवर फिरतात?"

"जीभ आवर. शाळा सोडली तरी उद्धटपणा शिकून आलास."

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी काका पेला भरून पेट्रोल उंबऱ्यापुढे ओतायचे, डोळे मिटून, आजोबा-पणजोबांची नावं घेत. दारू माती पिऊन टाकायची. पेट्रोल हवेत उठायचं, अदृश्य, थरथरत. मला दिसायचं. काकांचे डोळे मिटलेले असायचे.

मग एका बाजाराच्या दिवशी, भल्या सकाळी, काकूंनी शेगडी उंबऱ्याशी आणून ठेवली होती. मक्याची पेज रटरटत होती. सेवानूने माझ्या तोंडात प्लास्टिकचं नरसाळं बसवलं, त्यात गाळायला फडकं लावलं, मला गळ्यापर्यंत भरलं. उरलेले कॅन भिंतीशी होते. काकांनी पेला घेतला. बाजारात भाव किंचित उतरल्याची बातमी होती, म्हणून हात सढळ होता.

"बघ, ऐकतायत ते!" असं म्हणून त्यांनी पेला उलटा केला.

आधी काहीच आवाज झाला नाही. एक निळी रेघ शेगडीपासून जमिनीवरून धावली, सुंदर, खाडीच्या पाण्यासारखी झुळझुळत. ती माझ्या अंगावर चढली, फडक्याला लागली, आणि माझ्या तोंडावर ज्योत उभी राहिली. आयुष्यभर ज्या रसाचं मला नवल वाटत आलं, तो आता मला त्याचं खरं रूप दाखवत होता. मी भ्यालो नाही. मी दिपलो.

सगळ्यांत आधी पळाले ते काका. त्या वयात ते इतके चपळ असतील असं कुणाला वाटलं नसतं. काकू ओरडत मागच्या दाराने गेल्या.

सेवानूही पळू शकला असता. पण मी फुटलो असतो तर भिंतीशी कॅन, कॅनपलीकडे घर, आणि घराला लागून शेजारची पोरं अजून झोपलेली. त्याने जळतं नरसाळं उपटून अंगणात भिरकावलं. वितळलेलं प्लास्टिक त्याच्या बोटांना चिकटून आलं. तोच हात त्याने माझ्या तोंडावर ठेवला आणि दाबून धरला. ओरडला नाही. मला त्याची नाडी लागत होती, धाड धाड. आत हवा संपली. ज्योत विझली. जमिनीवरची आग शेजाऱ्यांनी वाळू टाकून मारली.

मी फुटलो नाही. माझ्यातला थेंबही कमी झाला नाही.

तोसा अनवाणी धावत आले. चटईवर पडलेल्या सेवानूच्या उशाशी येऊन बसले. "अरे, मी तर मनातून कधीच सोडलं होतं!"

"मग बोलला का नाहीत?" काका दारातून म्हणाले.

"तुम्ही विचारलं का नाहीत?"

संपलं. एवढ्या दोन वाक्यांचं काम होतं. त्यांच्याकडे ती कापणीआधीपासून तयार होती.

फिफामे भाजलेल्या हातावर बांधायला केळीची पानं घेऊन आली, बापाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "झालं का तुमचं बोलून? मग बाहेर व्हा दोघंही."

आज मी तिच्याकडे आहे. लग्न झालं, साधंच. माझ्यात आता शेंगदाण्याचं तेल असतं, भजी तळायचं. मानेशी एक काळा डाग आहे, घासून जात नाही. झाडाखाली चालक अजून तोच प्रश्न विचारतात. भाव मधे थोडा उतरला, पुन्हा चढला. पुन्हा तसा स्वस्त होईल का, मला माहीत नाही. झाला तर काका म्हणतील, बघा, मी सांगत नव्हतो?

तुमच्या घरात असा कुणी वडीलधारा असेल, शब्द देणारा आणि तुम्हाला राबवणारा, तर त्याला हाताला धरून समोरच्याच्या दारात नेऊन उभा करा. आजच. मला बोलता आलं नाही, तुम्हाला येतं.

सेवानूच्या उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. मोटरसायकलचा वेग उजव्या मुठीत असतो. गाडी विकली.