मी मोडलो की दवाखाना वाचतो

मी एक पोलादी तुकडा बोलतोय. मला हात लावता येणार नाही, कारण मी कॉम्प्युटरात राहतो. २००६ साली गिंडीतल्या एका कचेरीत सुनेत्रा नावाच्या इंजिनिअरने मला जन्माला घातलं आणि अण्णा नगरात व्हायच्या एका दवाखान्याच्या तुळईत मधोमध बसवलं. माझं काम एकच. भूकंप आला की धक्का अंगावर घेऊन आपण मोडायचं आणि खांब वाचवायचे. मागाहून बोल्ट काढून माझ्या जागी नवा तुकडा बसवता येतो.

सुनेत्रा पडद्यावर दिवसाला चार-पाच भूकंप आणायची. मी मोडलो की खुशीत कॉफी प्यायची.

तिचे साहेब व्यासराज मात्र हळहळायचे. जुने तंजावरकर, चौतीस वर्षं रेल्वेचे पूल बांधले, एक खिळा हलला नव्हता. पडद्यासमोर वाकून ते मला विनवायचे, "अय्यो, एवढा एक धक्का सोस रे बाळा!" माझ्यासाठी त्यांनी पिळ्ळैयारला, म्हणजे गणपतीला, नारळसुद्धा फोडला.

"सर, तो मोडायलाच हवा," सुनेत्रा म्हणायची.

"गिऱ्हाइकापुढं? आपली अब्रू जाईल!"

दवाखान्याच्या डॉक्टर अंबुजा बघायला येणार, त्या सकाळी साहेबांनी गुपचूप मला तिप्पट जाड केलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदाच मी पैलवान झालो होतो.

भूकंप आला. मी जागचा हललो नाही. साहेबांनी टाळी वाजवली. तेवढ्यात खालचे खांब वाकले आणि तीन मजले पडद्यावर आडवे झाले. ढिगाऱ्यात मी तेवढा धडधाकट.

अंबुजाबाईंनी विचारलं, "दुसऱ्या मजल्यावर माझी बाळंतिणींची खोली होती ना?"

साहेब उठले. "चूक माझी आहे डॉक्टर. सुनेत्रानं बरोबरच केलं होतं." त्यांनी माझी जाडी पूर्ववत केली. पुन्हा भूकंप. मी कडकन मोडलो, दवाखाना डोलला आणि उभा राहिला. साहेबांनी डोळे पुसले.

आता दवाखाना बांधून झालाय. तिथे माझे सोळा भाऊ खऱ्या पोलादाचे आहेत. माझी फाइल मात्र वर्षभर कुणी उघडलेली नाही.

लोकहो, मला दीर्घायुष्य चिंतू नका. कधी आठवण झाली, तर फाइल उघडून एखादा भूकंप तेवढा पाठवा.