माझ्या डाव्या दारावरचा ओरखडा

मी बोलतेय, कळस गावच्या बापूसाहेबांच्या अंगणातली काळी गाडी. काळी म्हणजे कशी, तर धुऊन पुसली की माझ्यात बघून खुशाल भांग पाडावा. स्वतःच्या तोंडानं स्वतःची स्तुती करू नये म्हणतात. पण मला तोंडच नाही, तेव्हा मी करणार.

माझा जन्म चाकणच्या एका कारखान्यातला. तिथून मी बारामतीच्या शोरूममध्ये आले आणि काचेआड दिमाखात उभी राहिले. येणारे जाणारे पांढऱ्या गाड्यांकडे वळायचे. काळी म्हटलं की बायका नाक मुरडायच्या. मला आवडीनं निवडलं ते श्रेयानं, बापूसाहेबांच्या थोरल्या लेकीनं. ती एमआयडीसीतल्या एका डेअरीत दुधाची तपासणी करते. पगारातून साठवून, वडिलांची थोडी भर घालून तिनं मला घरी आणलं.

बापूसाहेबांचे थोरले भाऊ विजयसिंह तात्या पहिल्याच दिवशी म्हणाले, "रंगच मिळंना व्हय दुसरा? काळी गाडी शुभ नसती."

त्यांना गप्प केलं कुशाबाईंनी. या दोघा भावांची आई. त्यांचं सारं तरुणपण मेंढरांमागं कोकणापर्यंत पायपीट करण्यात गेलं. त्या माझ्या अंगावरून हात फिरवत म्हणाल्या, "आपलं घोंगडं कंच्या रंगाचं आस्तं रं? त्याच्याखालीच वाढलास न्हवं तू?"

त्या दिवसापासून कुशाबाई माझ्या लाडक्या.

पुढे वर्षभर मी काय थाटात होते म्हणून सांगू! आमच्या वस्तीवरची पहिली चारचाकी मी. सकाळी श्रेया मला बारामतीला न्यायची, संध्याकाळी घरी आणायची. हात इतका हलका की गिअर बदललेला माझा मलाच कळायचा नाही. गळीत हंगामात रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला. त्यांच्यातून ती मला अशी काढायची, की एक पाचट माझ्या अंगाला शिवू नये. मला तिचा अभिमान होता आणि तिला माझा.

आता ज्यानं सगळा घोळ केला, त्याच्याकडे येते. घरची मेंढरं कधीच विकली गेली होती. आता रानात ऊस उभा आहे आणि त्याला ठिबक आहे. पण कुशाबाईंनी हट्टानं एक मेंढा राखला होता, त्याचं नाव पैलवान. शिंगं पीळदार, मान आखूड, आणि डोक्यात नुसती खुमखुमी. त्याची दावण माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. मी त्याला कधी मोजलं नाही. जनावरानं जनावरासारखं राहावं, गाडीनं गाडीसारखं.

एका रविवारी श्रेया आत्याला भिगवण स्टेशनला सोडून दुपारी परत आली. धुळीनं माखले होते, म्हणून तिनं मला घाईघाईत पाइपनं धुतलं, न बघताच फडकं फिरवलं आणि ती जेवायला आत गेली. जेवणं झाली, घर आडवं झालं. पैलवानाचं दावं सुटलं. हुंगत हुंगत तो माझ्या डाव्या दारापाशी आला आणि थबकला. माझ्या चकचकीत पत्र्यात त्याला समोर एक मेंढा दिसला. त्यानं मान खाली घातली, तर त्यानंही घातली. आपल्या अंगणात येऊन हा आपल्याला खुणावतो! पैलवानानं चार पावलं मागं घेतली आणि तिरकी धडक दिली. शिंग दारावरून पार मागच्या चाकापर्यंत ओरबाडत गेलं. मला जे वाटलं ते सांगायला शब्द नाहीत. समोरचा मेंढा पळाला असं समजून हा साळसूदासारखा दावणीला जाऊन कडबा खाऊ लागला.

संध्याकाळी तात्या आले. त्यांची नजर आधी ओरखड्यावर गेली, मग श्रेयावर.

"ट्रॉलीला घासली जनू भिगवणच्या रस्त्याला."

"न्हाय तात्या. मला कशाचा आवाज आला न्हाय."

"काचा वर, गाणी चालू. आवाज येतूय कुठनं?"

श्रेया चारचारदा माझ्याकडे बघत होती. ओव्हरटेक केलेली प्रत्येक ट्रॉली आठवत होती. मला पुसताना डावं दार नीट पाहिलं होतं का, तेच तिला आठवेना. हळूहळू तिला स्वतःचीच खात्री वाटेना. आणि मी सारं पाहिलेली, मी मूग गिळून उभी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्या घडीला मला माझ्या ओरखड्यापेक्षा तिच्या उतरलेल्या चेहऱ्याचं वाईट वाटलं. हे माझ्यासारखी नटवी सांगतेय, म्हणजे खरं समजा.

मग ओट्यावर माझ्या अंगाची पंचायत बसली. तात्या म्हणाले, वरून 'आईवडिलांचा आशीर्वाद' असं भलंमोठं स्टिकर चिकटवा, झाकून जाईल. त्यांचा मुलगा समर्थ म्हणाला, मोबाइलवरून रंगाची बाटली मागवू, ब्रश मारला की झालं. जो तो बोलत होता. जिची गाडी, तिला मात्र कुणी विचारलं नाही.

शेवटी बापूसाहेब उठले. श्रेयाच्या हातून माझी चावी घेतली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. "काय दिस ऱ्हाऊंदे माज्याकडं. समर्थ सोडंल तुला बारामतीला."

श्रेया वडिलांना म्हणाली, "आबा, मी एष्टीनं जाईन." आणि आत गेली. दुसऱ्या दिवसापासून ती अंधुक उजेडात माझ्या शेजारून चालत फाट्याकडे जायची. माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही.

बारामतीला मला समर्थनं नेलं, बापूसाहेब शेजारी बसले होते. कसं नेलं ते विचारू नका. प्रत्येक गिअरला माझ्या पोटात कळ येत होती. भिगवण रस्त्याला माऊली पेंटरचं दुकान आहे. त्यानं ओरखड्यावरून नख फिरवलं, नख अडकलं.

"बापूसाहेब, ह्यो वरवरचा न्हाय. पार पत्र्याला भिडलाय. पॉलिशनं जायाचा न्हाय, आन् बाटलीतला रंग ठिगळावानी दिसंल. स्टिकर लावलं तर खालनं गंज धरंल. दार घासून, पुट्टी, राखाडी प्राइमर, रंग आन् वरनं चमकीचा क्लिअर कोट. पुरं दारच करावं लागंल."

"कर मग पुरं," बापूसाहेब म्हणाले. "कायबी झालं न्हाय आसं दिसाय पायजे. लोकांच्या तोंडाला हात कोण लावनार?"

चांगला विचारपूर्वक निर्णय होता, मला मान्य. पण तो माझ्या दाराचा होता. पोरीचं काय करायचं ते ठरलंच नव्हतं.

माऊलीचा हात मात्र सोन्याचा. घरी आले तेव्हा माझं डावं दार उजव्यापेक्षा काकणभर जास्तच चमकत होतं. अंगणात वस्ती जमली. तात्या आले, समर्थ आला, बायकांनी हळदीकुंकू आणलं. श्रेया उंबऱ्यात उभी होती, पुढे आली नाही. चावी अजून बापूसाहेबांच्याच खिशात होती. त्यांनी माझ्या चाकापाशी नारळ फोडला.

त्या आवाजानं पैलवानानं मान वर केली. समोर माझं नवंकोरं दार, आणि दारात तोच वैरी! एका हिसड्यात दावं तुटलं. माणसं बाजूला होईपर्यंत धाडकन आवाज झाला आणि पुन्हा तस्साच, चाकापर्यंत ओरखडा.

मग कुशाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, त्या थांबेनात.

"आगं बया! म्हंजी तवाबी ह्योच गाडी चालवीत हुता!"

सगळी वस्ती हसली. तात्यांना एकाएकी खोकला आला. मला लागलं होतं, अगदी मनापासून लागलं होतं, पण त्या दिवसासारखा आनंद मला शोरूममधून निघतानाही झाला नव्हता. वाटलं, आता चावी श्रेयाच्या हातात पडणार आणि सगळं पहिल्यासारखं होणार.

बापूसाहेबांनी चावी काढून पुढे धरलीही. पण श्रेयानं हात पुढे केला नाही.

"मेंढ्यानं साक्ष दिली म्हणून देताय, आबा?" ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आन् खरंच माझ्याकडनं घासली असती तर? समर्थदादानं ट्रॅक्टर पाण्याच्या चारीत घातला, तवा दुसऱ्या दिशी त्योच ट्रॅक्टरवर बसला. त्याची चावी कुणी काढून घेतली न्हाय."

समर्थनं मान खाली घातली. तात्या काही बोलणार, तोच बापूसाहेबांनी हातानं त्यांना थांबवलं.

"घासली आसती तरी गाडी तुजीच हुती," ते म्हणाले. "मला ते तवा बोलता आलं न्हाय." मग त्यांनी तिचा हात धरून चावी तिच्या तळव्यावर ठेवली. "आन् आता ह्या दाराचं काय करायचं ते बी तूच ठरीव. आमाला कुनाला इचारू नगंस."

श्रेया माझ्यापाशी आली, वाकून ओरखड्यावरून नख फिरवलं आणि पैलवानाकडे बघितलं. मग हसू दाबत म्हणाली, "नुसता प्राइमर मारून ठेवू. गंज धरायचा न्हाय, आन् त्याला चमकबी नसती. पैलवानाला तोंड दिसलं न्हाय तर भांडंल कुणाशी? रंगाचं पुढं बघू."

तर अशी मी सध्या आहे. सर्वांगानं काळी आणि डाव्या दारावर राखाडी. मी नटवी, मला हे आवडलं असतं का? पहिले काही दिवस दुसऱ्या गाडीशेजारी उभं राहायला लाज वाटायची.

परवा श्रेया बापूसाहेबांना इंदापूरला घेऊन निघाली होती. ते हल्ली तिच्या शेजारच्या सीटवर बसतात. पंपावर एका ओळखीच्यानं खिडकीत डोकं घातलं. "बापूसाहेब, दार घासलंया जनू. लेक चालवती व्हय?"

आता हे पैलवानाची गोष्ट सांगणार, असं मला वाटलं. श्रेयालाही तसंच वाटलं असावं, कारण ती हसायच्या बेतात होती.

बापूसाहेब म्हणाले, "व्हय, लेकच चालवती. रोज बारामतीला जाती. रस्त्यावरची गाडी हाय, घासंल कवातरी. तुमाला कुठं जायाचं आसंल तर बसा मागं, आन् बगा कशी चालवती ते."

मेंढ्याचं नावही त्यांनी काढलं नाही. आरशात एकदा मागं बघून श्रेयानं मला रस्त्यावर घेतलं, आणि त्या दिवशी इंदापूरपर्यंत मी माझं राखाडी दार मिरवत गेले. तुम्हाला वाटेत कुठं दिसले, तर बाबांनो, दार कुणी घासलं ते विचारू नका. ती कशी चालवते तेवढं बघा.