पट्टीखालचा डाग

पंख्यांच्या कारखान्यात त्याला सगळे रक्तभाऊ म्हणत. मालकाच्या वाढदिवसाला रक्तदान शिबिर भरवायचा मान त्याचा. मांडव, खाटा, बिस्किटं, मालकाचा मोठा फोटो, सगळं भाऊंकडे. पहिल्या खाटेवर दरवर्षी तेच आडवे होत. फोटो निघायचा, टाळ्या पडायच्या, आणि सुई जवळ यायच्या आत "जरा तिकडचं बघून येतो" म्हणून भाऊ पसार. कोपराच्या खोबणीतली चिकटपट्टी मात्र दिवसभर मिरवायची. सुई बघितली की या वाघाची शेळी होते हे फक्त बायकोला ठाऊक. संध्याकाळी पट्टी निघायची तेव्हा खाली डागसुद्धा नसायचा.

"मुंगी तरी चावली का?" एवढंच ती विचारायची.

मग तिच्याच पोटात गाठ निघाली. ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "रक्ताच्या दोन पिशव्या तयार असल्याशिवाय मी हात लावणार नाही." इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या रक्तपेढीत तिच्या गटाची एकच निघाली.

"एकच? अहो, दोन महिन्यांपूर्वी आम्ही शंभर पिशव्या दिल्या तुम्हाला!" भाऊ खिडकीवर कडाडले.

"दिल्यात ना. एकाच दिवशी," रक्तपेढीतली बाई शांतपणे म्हणाली. "त्याच आठवड्यात आणखी तीन साहेब जन्मले होते. रक्त महिना-सव्वा महिना टिकतं. उरलं ते फेकलं. तेव्हा रक्ताला माणसं पुरली नाहीत, आता माणसांना रक्त पुरत नाही."

भाऊ त्या कारखान्याचे भांडारप्रमुख. वर्षभराचं ग्रीस एकाच दिवशी मागवणाऱ्याला त्यांनी दारातच सोलला असता. पण ग्रीसच्या डब्याबरोबर मालक फोटो काढत नाहीत.

त्यांनी फोन फिरवले. बायकोच्याच गटाचे चार फिटर कामाच्या कपड्यांत धावत आले. बाईने प्रत्येकाला एकच विचारलं, शेवटचं कधी दिलंत? चौघांचं उत्तर एकच, साहेबांच्या वाढदिवसाला.

"तीन महिने झाले नाहीत. चालणार नाही."

"म्हणजे भाऊ, तुम्हीपण बादच की!" थोरला फिटर हळहळला. "पहिल्या खाटेवर तर तुम्हीच होता."

भाऊंचा गट तोच. गळ्यातल्या ओळखपत्रावरच छापलेला. तोंड उघडलं तर इतक्या वर्षांचा मान मातीत, नाही उघडलं तर बायको. यात विचार करण्यासारखं काय होतं? पण भाऊंनी केला. वर बायको उपाशीपोटी छताकडे बघत पडली होती, आणि हा गृहस्थ खाली उभा राहून स्वतःच्या फोटोची काळजी करत होता.

"माझं घ्या," शेवटी ते पुटपुटले. "मी दिलेलं नाही."

"या वर्षी?"

"कधीच."

थोरल्याला हसू आवरेना. "आणि ती पट्टी?"

"नुसतीच."

"धन्य आहे तुमची! पण बरं झालं भाऊ, तुमच्या लबाडीपायी एक तरी माणूस भरलेला शिल्लक राहिला!"

भाऊ आडवे झाले. डोळे घट्ट मिटले, दात आवळले, येतील तेवढे देव आठवले. सुई टोचली. मग काहीच होईना.

"सुरू कधी करणार?" त्यांनी विचारलं.

"संपत आलं," बाई म्हणाली.

"एवढंच?" भाऊंना स्वतःचाच संताप आला. "एवढ्यासाठी मी…"

"एवढंच. आता तीन महिन्यांनी या, मग परत तीन महिन्यांनी. त्या शंभर जणांनाही असेच थोडे थोडे पाठवा, वर्षभर. आणि मांडव आणू नका."

ऑपरेशन झालं. दोन्ही पिशव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी बायकोला नीट जाग आली तेव्हा भाऊ उशाशी बसले होते, कोपरावर पट्टी. तिने सलाइन नसलेला हात पुढे केला आणि नखाने पट्टीचं टोक उचकटलं. खाली लाल ठिपका होता, भोवती हिरवंनिळं.

"काल कुणाचा वाढदिवस होता?"

"कुणाचाच नाही."

तिने पट्टी जागच्या जागी दाबून बसवली, चांगली जोरात. भाऊ कळवळले.

"मग खरंच दिलंत," ती म्हणाली.