पावडरीवरची काळी रेघ

मध्ये बोलू नकोस, आधी नुसतं ऐक. आमचे दाजी, म्हणजे ताईचा नवरा, बसकंपनीच्या गॅरेजमध्ये हेडमेकॅनिक आहेत हे तुला माहीत आहे. तिथे त्यांना डॉक्टर म्हणतात हे माहीत नसेल. का, तर गाडीला हात लावायच्या आधीच निदान तयार. जमिनीवर तेल दिसलं की त्यात बोट बुडवणार, नाकाशी नेणार, डोळे मिटणार, जसं काही अत्तरच हुंगतायत. आणि मग असं काही बोलणार की पुढच्याने पायच धरावेत. मी त्यांच्याच हाताखाली लागलोय, ताईने शब्द टाकला म्हणून, आणि हे ते मला येताजाता ऐकवतात.

तर परवा कप्तानकाकांची बस आली. कप्तानकाका म्हणजे आमचे सगळ्यात म्हातारे ड्रायव्हर, आणि बस त्यांच्या वयाला शोभेल अशी. जुनी डिझेलची, इंजिन आत ड्रायव्हरच्या शेजारी, वर पेटीसारखं झाकण. उभी राहिली की खाली तेलाचं डबकं. दाजी खालच्या खड्ड्यात उतरले, टॉर्च मारला, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडताना दिसला. बोट, नाक, डोळे, झालं.

"मागचं सील गेलं. इंजिन उतरवावं लागेल."

सील म्हणजे तेल अडवणारी आतली रबरी रिंग, तिच्यापर्यंत पोचायला इंजिन काढावंच लागतं. काकांचा चेहराच पडला. कारण आमच्याकडे जुन्या बसचं इंजिन एकदा उतरलं की परत चढत नाही. मागच्या भिंतीशी विटांवर उभ्या आहेत त्या सगळ्या अशाच गेल्या. आणि बस गेली की काकाही गेले. नव्या बसचे बटणांचे गिअर त्यांना जमत नाहीत, शिकवून पाहिलं तर त्यांनी ती कुंपणात घातली. मग साहेब त्यांना गेटवर बसवणार, येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकायला.

"डॉक्टर, एकदा वरून बघा की," काका म्हणाले.

"तुम्ही स्टिअरिंग धरा. वरून बघायला मी काय कावळा आहे?"

आणि चहाला गेले. तिथूनच साहेबांना फोनही लावला, इंजिन उतरवतोय म्हणून. म्हणजे आता शब्द मागे घ्यायची सोयच नाही.

अरे, तेल वरून खाली येतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. थेंब सांध्यात दिसला म्हणून तेल तिथलंच कसं? मी इंजिन धुतलं, कोरडं पुसलं, आणि काकांच्या बॅगेतली अंगाला लावायची पावडर काढून इंजिनाच्या पाठीवर उधळली.

"म्हणजे इंजिन नवरदेव, आणि मी घामट," काका कुरकुरले, पण झाकण त्यांनीच धरून ठेवलं.

इंजिन चालू ठेवलं. थोड्या वेळाने पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटली. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या टोपणाच्या, मागच्या कोपऱ्यातून निघाली आणि पाठीवरून सरळ खाली सांध्यात. सील बिचारं ठणठणीत. कव्हरखालचं पॅकिंग दुमडून बसलं होतं, बस्स. आणि ते बसवलं होतं कोणी? खुद्द डॉक्टरांनी, गेल्याच महिन्यात.

मी बोभाटा केला नाही हां. दाजींना बाजूला घेतलं, आत चढवलं, रेघ दाखवली. त्यांनी रेघेला बोट लावलं, पण नाकाशी काही नेलं नाही. मग म्हणाले, "जा, पाना घेऊन ये." मला वाटलं, चला, माणूस सुधारला.

पाना घेऊन येतो तर काय, दाजींनी डिझेलच्या फडक्याने सगळं इंजिन वरपासून खालपर्यंत पुसून काढलेलं. पावडर नाही, रेघ नाही, जिकडेतिकडे चकचकीत ओलं आणि थेंब गळतायत.

"साहेब येतायत. इंजिन कसं स्वच्छ पाहिजे," म्हणाले. इतका कोडगेपणा मी जन्मात पाहिला नाही.

काका माझ्या कानाशी म्हणाले, "मी बोललो तर म्हणतील म्हातारा आपली खुर्ची वाचवतोय."

साहेब आले. त्यांना इंजिन कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं तेही कळत नाही. नाकाला रुमाल लावून वाकले.

"बघा, अंगभर पाझरतंय," दाजी म्हणाले. "हा आमचा मेव्हणा, मीच तयार केलाय. त्यालाही विचारा हवं तर."

आणि माझ्याकडे असं बघितलं ना, जसं काही माझी मान त्यांनीच विकत घेतलीय, फक्त हलवायची बाकी आहे.

"काय रे?" साहेब.

मी म्हणालो, "साहेब, हे डिझेल आहे, आत्ता पुसलेलं. तेल कव्हरमधून येतं. उघडून दाखवतो."

उघडलं, आणि ते दुमडलेलं पॅकिंग साहेबांच्या समोर धरलं. दाजींची पापणीसुद्धा लवली नाही. "शाब्बास. परीक्षाच घेत होतो त्याची." आणि साहेबांना ते पटलं. दोघांनी मिळून माझी पाठ थोपटली.

बस दुसऱ्या दिवशी रस्त्यावर. मी ताईकडे गेलो तर दाजी आतल्या खोलीत टीव्ही मोठा करून बसलेले.

"चारचौघांत त्यांचं नाक कापलंस," ताई म्हणाली. "एकट्यात सांगता येत नव्हतं?"

"एकट्यातच सांगितलं होतं गं."

"मग गप्प बसायचं. ते लोखंड आपल्या नात्यातलं होतं का?"

आता खड्ड्यातला गाळ उपसायचं काम कायमचं माझ्याकडे आहे, आणि ताई माझा फोन उचलत नाही. आई म्हणते, जाऊन माफी माग. कशाची, ते मात्र सांगत नाही. तूच सांग, साहेब "काय रे" म्हणाले तेव्हा माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?