लसूण संपल्यावर

माझ्या आईचं जगात एकाच गोष्टीशी वैर आहे, ते म्हणजे वारा. साप परवडला, वाघ परवडला, पण बाळंतिणीला वारा लागला की कारभार आटोपला, असं तिचं ठाम मत. पहिल्या बाळंतपणाला मी चामोर्शीहून माहेरी वडशाला आले, तेव्हा तिने माझ्यासाठी खोली कसली, डबाच तयार ठेवला होता. खिडकीच्या गजांवर आतून वाकळ ठोकलेली. दाराखाली चिंध्या खोचलेल्या. भिंत आणि छपराच्या टिनाच्या मधल्या सांदीत जुनी लुगडी कोंबलेली. गोदामाच्या बाजूची एक सांद तेवढी उंचावर होती, तिथे तिचा हात पुरला नव्हता.

“राहू दे,” ती म्हणाली. “तिकडून वारं येत नाई. तिकडं गोदाम हाय.”

माझे बाबा, रामाजी, राईस मिलचे चौकीदार. मिलच्या गोदामाला मागून टेकवून मालकाने त्यांना एक खोली आणि पडवी काढून दिलेली. तीन भिंती आमच्या, चौथी गोदामाची. त्या चौथ्या भिंतीपलीकडे धानाची पोती टिनापर्यंत रचलेली असतात आणि अलीकडे माझी खाट होती.

पाचवी पुजून झाली होती. बारसं व्हायच्या आत पुरुषाने खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा आईचा दुसरा कायदा. बिचारे बाबा पडवीत उभे राहून विचारायचे, “काय करते व पोट्टी?” आणि आई आतून मंत्र्याच्या पीएसारखं उत्तर द्यायची, “झोपली हाय.” नात कशी दिसते हे त्यांना माझ्या नवऱ्याने, सुनिलने, बाळंतपणाच्या दवाखान्यात काढून मोबाईलवर पाठवलेल्या फोटोवरून माहीत होतं.

मी शिवणाच्या दुकानात दिवसभर चार बायकांशी तोंड वाजवणारी. मला त्या डब्यात कोंडल्यावर काय होणार? सारखी भांडायचे. आई ऐकून घ्यायची आणि लसूण खायला घालायची. तुपात तळलेला लसूण, भातावर लसूण, अंगाला लसणाचं कढवलेलं तेल, निखाऱ्यावर लसणाच्या सालींची आणि ओव्याची धुरी. मला घामही लसणाचा येतो आहे, असं वाटू लागलं होतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी गोदामात कीटकनाशकाच्या गोळ्या टाकल्या. धानाला पोरकिडे लागले होते. कंत्राटदाराचा माणूस आला, पोत्यांवर प्लास्टिक अंथरलं, गोळ्या ठेवल्या, समोरचं शटर ओढून कडांना कागद चिकटवला आणि त्यावर कवटीचं चित्र लावलं. बाबांना म्हणाला, शटर उघडेपर्यंत जवळ कोणाला येऊ द्यायचं नाही. मागे येऊन त्याने पाहिलं नाही. मागे कोणी राहतं का, हे विचारलंही नाही. आणि बाबा तर तेव्हापासून शटरसमोर काठी घेऊन असे बसले, जणू आत बँकेचा खजिना आहे. पोरं हाकलली, बकऱ्या हाकलल्या, एका फुग्यावाल्याला हाकललं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्या रात्री माझं डोकं चढलं. सकाळी ओकारी झाली. छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं वाटत होतं. आईने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि निदान केलं, “वारं लागलं.” काल दुपारी मी पडवीत जरा उन्हाला बसले होते ना, त्याचा हा परिणाम. मग तिने दाराखाली आणखी दोन चिंध्या खोचल्या. मला जितकं जास्त होई, तितकी ती खोली जास्त बंद करी. तिचंही डोकं दुखत होतं, पण ती चुलीपाशी, नळावर, पडवीत जायची यायची. चहा प्यायली की तिला बरं वाटायचं.

पोरगी मात्र झोपून होती. पाजायला घेतलं तर तोंड लावायची आणि सोडून द्यायची.

“गुणाची हाय व,” आई म्हणाली. “तुह्यासारखी बोंबलत नाई.”

बाजाराचा दिवस होता. लसूण आदल्या संध्याकाळीच संपला होता, तेलही संपलं होतं. तिने मला आणि पोरीला शिकेकाईने घासून आंघोळ घातली, आणि समोरच्या गल्लीतल्या दीपालीला घेऊन बाजाराला निघाली. जाताना बाहेरून कडी लावली आणि कडीला कुलूप.

“माय, कुलूप काऊन?” मी ओरडले.

“तुह्या पायाले भवरे हायेत. मी गेली का तू पडवीत जाऊन बसशीन.”

“मले घाबरं होऊन राह्यलं.”

“म्हणूनच लावून राह्यली,” ती म्हणाली. चावी कमरेला खोचून ती गेली.

मी पडून राहिले. रागाने रडायला येत होतं, पण रडायलाही दम लागतो. टिनाखालची पाल खाली फरशीवर उताणी पडली होती. तिला हाकलायची गरज नव्हती. काल रात्री एकही डास चावला नाही, हे मला तेव्हा आठवलं, आणि चांगलंच झालं असंही वाटलं. इतकं माझं डोकं बंद पडलं होतं.

तेवढ्यात मागच्या बोळात बाबांचा आवाज आला. कोणी बाई बकऱ्या शोधत गोदामाकडे निघाली होती, तिला ते अडवत होते. “तिकडं नोको जाऊ बाई. गोळ्या टाकल्या हायेत. लय जहर गॅस निंगते त्यातून. माणूस बसल्या जागी जाते. कंत्राटदाराच्या पोऱ्यानं सांगतलं, लसणावानी वास आला का पाय लावून पळायचं.”

लसणावानी.

मी नाकाने श्वास ओढला. खोलीत वास होता, कालच्यापेक्षा जास्त होता. पाच-सहा दिवस मी त्याच वासात होते, म्हणून तो मला येतच नव्हता. पण खोलीत लसणाची एक पाकळी नव्हती. तेल नव्हतं. धुरी सकाळपासून घातली नव्हती. अंगावर शिकेकाई होती. लसूण आणायला तर आई बाजारात गेली होती.

उठले तर खोली फिरली. भिंत धरून खिडकीपाशी गेले आणि वाकळ ओढली. आईने खिळे असे ठोकले होते की वाकळ फाटली, खिळे राहिले. गार हवा तोंडावर आली. मी पोरीला उचललं. ती कापडाच्या गाठोड्यासारखी लुळी होती. तिचं अंग गजांतून गेलं असतं, डोकं गेलं नसतं, हे मला पाहूनच कळलं. मी तिचं तोंड दोन गजांच्या मधोमध बाहेरच्या हवेत धरलं आणि बाबांना हाक मारली.

बाबा आले. खिडकीत मी दिसताच त्यांनी पाठ फिरवली. बाळंतीण लेक, डोक्यावर पदर नाही, केस मोकळे. ते बोळाकडे तोंड करून उभे राहिले.

“बाबा, दार उघडा.”

“चाबी तुह्या मायपाशी हाय.”

“फोडा मंग कुलूप!”

“फोडू काऊन? येईनच ते आता. वाकळ लाव पह्यले, वारं लागन.”

“बाबा, इकडं पाहा.”

“मी कसा पाहू व? तुही माय मले जित्ता ठेवन का?”

त्यांच्या कमरेला मिलच्या चाव्यांचा जुडगा होता. गोदामाची, ऑफिसची, वजनकाट्याची, मोटारीची, सगळ्यांची चावी त्यांच्याकडे. फक्त ज्या दारामागे मी होते त्याची नव्हती. मी त्यांच्या पाठीशी भांडत होते. अंगात जोर असता तर गजांतून हात घालून त्यांची मान फिरवली असती.

“बाबा, खोलीत लसणाचा वास हाय.”

“असनच. तुही माय दुसरं करते काय?”

“लसूण संपला बाबा! कालच संपला. माय लसूण घ्यायलेच बाजारात गेली. घरात एक पाकळी नाई, आन् वास वाढून राह्यला!”

त्यांची पाठ तशीच होती. मग ती हळूच ताठ झाली. त्यांनी मान वर केली आणि गोदामाच्या टिनाकडे पाहिलं, तिथून आमच्या टिनाकडे. मग ते वळले. नात त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती अशी, गजांच्या मधून, ओठ जांभळे पडलेली.

“माय व,” एवढंच ते म्हणाले.

मिलमधून लोखंडी सब्बल आणून त्यांनी कुलूप नव्हे, कोयंडाच उपटला. आत येऊन पोरीला उचललं, मला काखेत धरलं आणि आम्हाला ओढतच रस्त्यावर आणलं. फाटकावर लटारू हमाल होता. “रुखमाले सांगजो, दवाखान्यात नेतो म्हणून,” असा आईसाठी निरोप त्याला ओरडून दिला आणि समोरून येणारा ऑटो आडवा होऊन थांबवला. ऑटोत वाऱ्याने माझे केस उडत होते. पोरीच्या उघड्या तोंडावर वारा थेट बसत होता. पुलापाशी तिने डोळे उघडले आणि बोंबलायला सुरुवात केली. इतकं गोड बोंबलणं मी जन्मात ऐकलेलं नाही.

दवाखान्यात मला ऑक्सिजनची नळी लावली, पोरीला छोटा मुखवटा. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण गोळ्यांचं नाव ऐकताच त्यांचा चेहरा बदलला. “या विषाला उतारा नाही,” त्या म्हणाल्या. “मोकळ्या हवेत आणलंत, तेच खरं औषध. आता छातीवर आणि हृदयावर लक्ष ठेवायचं. हा गॅस भिंतीच्या भेगेतूनही येतो. शेजारी राहणाऱ्यांना आधी हलवल्याशिवाय या गोळ्या टाकायच्याच नसतात.”

“मले कोणी सांगतलं नाई बाई,” बाबा म्हणाले. “मले समोर बसवलं, मी समोर बसलो.”

“खोलीत आणखी कोण राहतं?”

“माझी आई,” मी म्हणाले.

“ती कुठे आहे आता?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. आईचा बाजार केव्हाच आटोपला असणार. लटारूला त्यांनी दवाखाना सांगितला होता. कोणता ते सांगितलं नव्हतं, आणि का ते तर मुळीच नाही.

आई मोबाईल वापरत नाही. डॉक्टरबाईंनी काय बजावायचं ते सांगितलं आणि बाबांनी दीपालीला फोन लावला. “पोरी, धावत जा. खोलीत जहर हाय. रुखमाले बाहेर काढ, तू आत नोको जाऊ. आन् गोदामावर कोणी पाणीबिनी टाकू नोका, पाण्यानं गॅस वाढते.” फोन चालूच होता. तिच्या धावण्याचा आवाज, मग दारावर थापा.

“दाराले आतून कडी हाय काका,” दीपाली म्हणाली. “धुरीचा वास येऊन राह्यला.”

मागाहून कळलं, लटारूने आईला सांगितलं होतं, पोरीला चक्कर आली, येतील संध्याकाळपर्यंत. आईने उपटलेला कोयंडा पाहिला, फाटलेली वाकळ पाहिली, खोलीत भरलेलं वारं पाहिलं. आणि लेक परत यायच्या आत ती खोली पुन्हा गरम करायला बसली होती. वाकळीवर दुसरी वाकळ ठोकून झाली होती. चिंध्या पुन्हा दाराखाली होत्या.

“मावशी, उघडा! गोळ्यांचा गॅस हाय आत!”

“गोळ्या गोदामात हायेत,” आईचा आवाज लांबून आला, जड, झोपेतल्यासारखा. “मी माह्या घरात हाओ.”

“लसणाचा वास म्हणजे जहर हाय म्हणे!”

“लसूण तर मीच भाजून राह्यली व. जाय तू. दार उघडलं का पुन्हा वारं येईन.”

मी नाकातली नळी काढली. “दीपाली, फोन दाराच्या फटीला लाव. माय! मी उर्वशी. डॉक्टरबाई सांगून राह्यल्या, खरंच जहर हाय. निंघ बाहेर.”

“डॉक्टरले काय समजते बाळंतपण,” आई म्हणाली. मग एक ओकारी ऐकू आली. “तू ये. खोली गरम झाली हाय.”

“माय, तुले माही शपथ!”

बाबा खाली बसून डोकं धरून रडत होते. दीपाली दाराला खांदा देत होती आणि दार हलत नव्हतं. आईला मी आयुष्यभर ओळखते. जहराला ती भिणार नव्हती. मी डोळे मिटले आणि वेगळाच आवाज काढला, लहानपणी तापात काढायची तसा.

“माय व... हे लोक मले व्हरांड्यात झोपवून राह्यले. खिडक्या उघड्या हायेत. डोक्यावर पंखा हाय. पोट्टीच्या टाळूवर टोपडं नाई. लय थंडी वाजून राह्यली माय. कोणीच ऐकत नाई माहं.”

फोनमध्ये काहीतरी पडलं, भांडं असावं. मग कडीचा आवाज.

“निंगाली!” दीपाली ओरडली. “पडली... उठली! मावशी, थांबा तरी! चप्पल नाई पायात, रस्त्याकडं पळून राह्यली!”

मी फोन छातीवर ठेवला आणि हमसून रडले. इतके दिवस तिचा राग राग केला होता, तो कुठे ठेवू, हे समजेना.

दीपालीने तिला ऑटोने आणलं. वाटेत आई दोनदा ओकली. दीपालीने आणि बाबांनी धरून आत आणली तेव्हा तिचा रंग राखेसारखा झाला होता. नर्स तिला खाटेवर घ्यायला गेली, तर तिने नर्सचा हात झिडकारला. भिंत धरत माझ्यापर्यंत आली. वॉर्ड बंद होता, उबदार होता. पंखा फिरत नव्हता. पोरगी टोपडं, मोजे, दोन दुपट्ट्यांत झोपली होती. आईने तिच्या टाळूवर हात ठेवला, मग माझ्या तळपायांवर.

“खोटं बोलली तू,” ती म्हणाली.

“हो.”

“वारं नाई लागलं?”

“नाई माय. जराही नाई.”

तेव्हा कुठे ती आडवी झाली आणि तिने नर्सला तोंडावर मुखवटा लावू दिला.