हरणाऱ्याचा चहा

हंबीररावांच्या घरात शिरायचं तर टेबल टेनिसच्या टेबलाला वळसा घालून, भिंतीला पाठ घासत जावं लागे. पिराजी सुतारानं ते याच खोलीत बनवलं होतं, एकसंध. रंग वाळल्यावर त्याच्या आणि हंबीररावांच्या लक्षात आलं, की ते बाहेर न्यायचं झालं तर दारापुढच्या बोळात वळणारच नाही.

"ऱ्हाऊ दे की," त्यांची बायको संयोगिता म्हणाली होती. ती शाळेत खेळ शिकवायची. "हा खेळच मुळी घरात अडकलेल्यांचा. विलायतेतल्या थंडीत गोऱ्या साहेबांना बाहेर पडता येईना, मग जेवणाच्या टेबलावर पुस्तकांची रांग लावून बुचं टोलवत बसले. आता चीनमध्ये बागेबागेत टेबलं हायत."

निवृत्तीनंतर रोज दुपारी दोघं खेळत. हरणाऱ्यानं चहा करायचा, हा नियम. चहा बहुतेक हंबीररावच करत.

ती गेली तेव्हा खांदेकऱ्यांना वाट मिळेना. तिला टेबलावरून सरकवून बाहेर न्यावं लागलं. तेव्हापासून हंबीररावांनी गॅस पेटवला नव्हता. शेजारच्या चिमणाबाई दारातूनच थर्मास आत द्यायच्या. हंबीरराव घर सोडून मुलाकडं जात नव्हते, टेबल कापूही देत नव्हते. शेवटी मुलगा राजवर्धननं पुण्याहून पिराजीला परस्पर फोन करून टेबल कापायला सांगितलं.

आज पिराजी करवत घेऊन आला.

"जाळीपाशी कापतो, आण्णा. दोन तुकडं आरामात जात्यात."

पिराजीनं करवत टेकवली आणि पुन्हा उचलली.

"मी केलं खरं, पण ह्याच्यावर कधी खेळलो न्हाय बघा. एक डाव टाकूया की."

"तुला येतंय काय?"

"तुमास्नी तरी कुठं येतंय? वैनी सांगायच्या की, रोज चहा कोण करतंय ते!"

हंबीररावांनी तिची बॅट त्याला दिली.

त्यांचे फटके चांगले बसत होते. पण प्रत्येक चेंडू नेमका पिराजीच्या उजव्या हातात जाई. संयोगिता डावखुरी होती. तिची उजवी बाजू कच्ची, म्हणून इतकी वर्षं ते तिकडंच मारत आले होते.

"काय वं, मुद्दाम हातात देताय व्हय?"

हंबीररावांनी दुसरा कोपरा धरायचा ठरवलं. हात पुन्हा तिकडंच गेला. पुढच्या चेंडूलाही तसंच झालं.

"हरला की आण्णा!"

ते भिंतीला पाठ घासत स्वयंपाकघरात गेले. चहाच्या पुडीची डब्यात ढेकळं झाली होती, चमच्यानं फोडली. दुसऱ्या काडीला गॅस पेटला.

टेबलावर कप ठेवायला तिची मनाई होती. त्यांनी एक कप पिराजीच्या हातात दिला, आपला खिडकीत ठेवला.

"लई गोड झालाय."

"तिला असाच लागायचा."

चहा संपला. पिराजीनं करवतीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.

"दाराकडची बाजू माझी," हंबीरराव म्हणाले. "ती काप, घेऊन जा. तिची हितंच ऱ्हाऊ दे."