माझ्या बांधावरचा उंटकटारा

चौथी नापास माणसानं किडे-अळ्यांचं शास्त्र शिकू नये. मी शिकलो. पाबळच्या बाजारात भज्याच्या पुडीला आलेला पुस्तकाचा कागद वाचून. पुढचं पान बहुतेक दुसऱ्याच्या पुडीला गेलं.

बासष्टच्या पौषात गायरानातल्या उंटकटाऱ्याच्या बोंडांत मला अळ्या दिसल्या. गवतातनं उठणारी बारकी मळकट पाखरं त्यांचीच आई-बापं. उंटकटारा काटेरी, करडईही काटेरी. म्हणजे अळी उद्या करडईवर येणार. ज्वारीभोवती करडईची कड पेरलेली, म्हणून जनावर आत तोंड घालत नाही. ती गेली की ज्वारी उघडी. शिरूरच्या साप्ताहिकात मी हे जळजळीत लिहिलं, पंचायतीला झोपाळू म्हणालो. पंचायत घाबरली. तीन दिवसांत गावानं गायरान खुरपून काढलं.

एकटी चांदबी आडवी आली. ती गावची सुईण. बाई अडली की उंटकटाऱ्याची मुळी तिच्या केसांना बांधायची. ही अळी करडईला शिवत नाही, चार झाडं तरी ठेवा, म्हणाली. मी तिला चावडीपुढं अडाणी म्हणालो.

महिन्याभरात माझीच बायको, सरूबाई, अडली. चांदबी न बोलावता आली. सकाळची दुपार झाली, सरूचा धीर सुटला. मुळी आणा, एवढंच म्हणत राहिली. मुळीनं काही होत नाही, हे मी छापून आणलेलं. तरी खुरपं घेऊन पळालो.

गायरान माझ्या टाळूसारखं बोडकं. रडत माघारी फिरलो, तर माझ्याच बांधावर गुडघाभर उंटकटारा उभा. गावाला राबवण्याच्या नादात स्वतःचा बांध राहिला होता. बोंडं अळ्यांनी पोखरलेली. हातभर अंतरावर माझी करडई. तिच्या एकाही बोंडाला भोक नाही.

मुळी बांधली. घटकाभरात मुलगी झाली. मुळीमुळं झाली असं मी अजूनही म्हणत नाही. पण केसांना मुळी लागताच सरूनं माझं घट्ट धरलेलं मनगट सोडलं, ते पाहिलं.

चांदबीनं हात धुतले.

"लेखकराव, आळी करडईवर गेलती का?"

"न्हाई, चाची."

"मग त्ये बी छापा." मुळीसोबत आलेल्या बोंडांतलं, अळ्यांच्या तोंडून वाचलेलं बी तिनं माझ्या ओंजळीत टाकलं. "आन् ह्ये गायरानात टाकून या."

मी बी फेकत फिरत होतो. सरपंच हौसराव गायरानाच्या कडेला बैल चारत होते.

"काय पेरताय?"

"उंटकटारा."

त्यांनी बैल लांब नेले.